ॲस्टरच्या मिक्स बियांचं पाकीट: बी मस्त, पण मागे लिहिलेली माहिती अर्धवट

दोन सीझन लावून बघितलं आणि मगच लिहितेय. बी एकदम ताजं निघालं. ट्रेमधे कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून 50 बिया टाकल्या, वरून अगदी पातळ थर दिला आणि दहाव्या दिवसापर्यंत 41 रोपं वर आली. ॲस्टरचं बी फार टिकत नाही, वर्ष-दोन वर्षांत उगवण पार घसरते, त्यामुळे पॅकिंगची तारीख ठळक छापलीय हे फार बरं केलंय. पाच-सहा पानं आल्यावर रोपं वाफ्यात हलवली, एक-एक फूट अंतर ठेवून, आणि साधारण साडेतीन महिन्यांत फुलं. कळीभोवती हिरव्या पानांची झालर असते, ती हळूहळू बाजूला होते आणि मधून जांभळं टोक डोकावतं, मी रोज सकाळी चहा घेऊन तेच बघत बसायचे.

आता तक्रार. पुढच्या सीझनला त्याच वाफ्यात परत लावली आणि ऐन कळ्या धरल्यावर एकेक रोप माना टाकायला लागलं, माती ओली असूनही. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं, काही फरक नाही. शेवटी एक खोड बुडाशी उभं चिरलं तर आत तपकिरी रेघा! मर रोग, म्हणजे बुरशीमुळे रोप सुकून मरतं तो. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, म्हणून ॲस्टर लागोपाठ एकाच जागी लावायचंच नसतं, आणि हे एक वाक्य पाकिटावर हवंच होतं हो. मेलेली रोपं मुळासकट उपटून फेकायची, कंपोस्टमधे अजिबात नको.

अजून एक, फोटोत झाड कायम फुलांनी भरलेलं दाखवलंय, पण या ॲस्टरचा एक बहर ओसरला की झाड जवळजवळ संपतंच. सतत फुलं हवी असतील तर दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडं थोडं बी टाका. ऊन भरपूर द्या, पाणी बुडाशीच घाला, आणि मुळं वरवरच असतात म्हणून खुरपं जपून चालवा.

बियांना पाचपैकी पाच, माहितीला दोन. नवीन पाकीट मागवलंय, यावेळी कुंड्यांमधे, नव्या मातीत.