सुपाबेस रिअलटाइम : केळीच्या हंगामात वापरल्यानंतरचा अनुभव

रावेर-यावल पट्ट्यातील एका केळी व्यापारी गटाला कार्यालयात असा फलक हवा होता, की कोणत्या मळ्यात कटाई सुरू आहे, कोणती गाडी भरत आहे आणि कोणत्या गाडीचा काटा झाला, हे पान पुन्हा न उघडता दिसावे. माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येच ठेवायची असल्याने, त्यावरच उभ्या असलेल्या सुपाबेस या सेवेची रिअलटाइम सोय (टेबलातील बदल लगेच कळवणारी) आणि तिचे जावास्क्रिप्ट क्लायंट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी लायब्ररी, निवडले. मृगबागेच्या कटाईपासून हा फलक रोज चालू आहे.

मांडणी सोपी आहे. पोस्टग्रेसच्या लॉगमधून (बदलांच्या नोंदवहीतून) बाहेर पडणारे बदल एलिक्सिर भाषेत लिहिलेला सर्व्हर वाचतो आणि वेबसॉकेटवरून, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, ब्राउझरपर्यंत पोचवतो. आपण चॅनेल उघडून टेबलाचे नाव द्यायचे आणि बदल आला की चालणारे फंक्शन जोडायचे. मात्र ते टेबल आधी रिअलटाइमच्या पब्लिकेशनमध्ये (ज्यांचे बदल बाहेर पाठवायचे त्या टेबलांच्या यादीत) घातलेले नसेल, तर चॅनेल जोडले गेल्याचे कळते आणि बदल एकही येत नाही. नवख्याची दुपार यातच जाते.

खरी कसोटी लागते ती जोडणी तुटल्यावर. वीज गेली की कार्यालयातील राउटर बंद पडतो, आणि तापीकाठच्या मळ्यांत फोनची रेंज येत-जात असते. क्लायंट स्वतःहून पुन्हा जोडला जातो, हे चांगलेच. पण मधल्या काळातील बदल तो मागाहून आणून देत नाही, आणि प्रत्येक संदेश पोचेलच अशी हमी ही सेवा मुळातच देत नाही. म्हणून चॅनेल जोडल्याची खूण प्रत्येक वेळी मिळाली, की आजच्या गाड्यांची पूर्ण यादी नव्याने मागवायची, हा क्रम आम्ही ठरवला. यादी आधी आणि ऐकणे नंतर, असे केल्यास दोहोंच्या मधल्या फटीतील बदल निसटतो. उलट क्रमात यादीपेक्षा जुना संदेश उशिरा येऊ शकतो, त्यासाठी प्रत्येक नोंदीला आवृत्ती-क्रमांक देऊन लहान क्रमांकाचा संदेश सोडून देतो. मागे पडलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मंदावतात आणि त्यामुळेही जोडणी सुटते. जोडणी जिवंत ठेवणारा ठोका वेब वर्करमधून (पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) पाठवण्याचा पर्याय क्लायंटमध्ये आहे, तो चालू ठेवावा.

नोंद पुसण्याच्या बाबतीत ही सोय तोकडी आहे. पुसल्याच्या संदेशाला गाळणी (फिल्टर) लावता येत नाही, आणि रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणती नोंद दिसावी हे ठरवणारे नियम) चालू असल्यास, रेप्लिका आयडेंटिटी फुल ठेवूनही (म्हणजे जुनी नोंद पूर्ण पाठवण्यास सांगूनही), जुन्या नोंदीची केवळ प्राथमिक किल्ली मिळते. आम्ही गाडी पुसतच नाही; तिची स्थिती ‘रद्द’ करतो. हिशेबालाही तेच बरे पडते.

या पद्धतीची किंमत ऐकणाऱ्यांच्या संख्येनुसार वाढते, कारण प्रत्येक बदल प्रत्येक ऐकणाऱ्याला दिसण्यास परवानगी आहे का, हे तपासले जाते : १०० जण ऐकत असतील, तर एका नोंदीमागे १०० तपासण्या. शिवाय क्रम राखण्यासाठी हे काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालते, म्हणून मोठा सर्व्हर घेऊनही फारसा फरक पडत नाही. चालक आणि मुकादम यांच्या फोनवर स्थिती दाखवण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट ही रिअलटाइमचीच दुसरी पद्धत घेतली, ज्यात डेटाबेसमधील ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारे फंक्शन) निवडक मजकूर ठरावीक चॅनेलवर पाठवतो. कार्यालयातील फलक मात्र अजून थेट टेबलच ऐकतो, कारण तेथे ऐकणारे मोजकेच आहेत आणि ट्रिगर सांभाळण्याचे काम वाचते.