हाकला की थांबा?

फुटबॉल संघ हरला की पहिली मागणी एकच: मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, हाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये वेस्ट हॅमकडून २-१ हरल्यावर मँचेस्टर युनायटेडने दुसऱ्याच दिवशी एरिक टेन हागला काढलं. तेव्हा संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये, १४वा होता. त्याच्या जागी रूबेन अमोरिम आला, हंगाम संपला तेव्हा १५वा!

आर्सेनलने २०२१ मध्ये उलट केलं. पहिले तिन्ही सामने गेले, एकही गोल नाही, मँचेस्टर सिटीकडून ५-० मार. त्या सामन्यात ३५व्या मिनिटाला आर्सेनलच्या शाकाला लाल कार्ड दाखवलं, तेव्हाच मी डोकं धरून बसलो. संघ तळाला. तरी मॅनेजर मिकेल आर्टेटाला ठेवलं. त्या हंगामात पाचवे, पुढे सलग तीनदा दुसरे.

माझा कौल थांबण्याला, पण मैदानावर काही घडतंय असं दिसत असेल तरच. युनायटेडमध्ये तेही दिसत नव्हतं. तिथल्या चाहत्यांचा संताप मला पटतो.