फोल्डस्कोप: कागदी मायक्रोस्कोप, लॅबवालीच्या नजरेने

सरकारी लॅबमध्ये स्लाईडी बघण्यात माझी नोकरी गेली, आधी वेंगुर्ल्याकडे आणि मग दापोलीत. फोल्डस्कोप म्हणजे कागदाच्या घड्या घालून जोडायचा मायक्रोस्कोप, आणि त्याने मलेरिया ओळखता येतो असं बोललं जातं. त्यामुळे भाचीने तो हातात ठेवल्यावर मी पहिलं विचारलं, "यात मलेरिया दिसतो काय गो?"

उत्तर आधीच देऊन टाकते: नाही दिसत. निदान जो विकत मिळतो त्यात तरी नाही.

कारण साधं आहे. हा १४० पट मोठं करून दाखवतो आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचं वेगळं ओळखू येतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, तिच्यातली मलेरियाची रिंग, म्हणजे अंगठीसारखा दिसणारा त्याचा जंतू, त्याहून कितीतरी लहान. आम्ही जेएसबी स्टेन करून (म्हणजे रक्ताच्या स्लाईडला रंग देऊन), तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली, म्हणजे हजार पटीवर, फिल्डमागून फिल्ड सरकवत बसायचो, तेव्हा कुठे ती सापडायची. लेप्टोचं तर नावच काढू नका. तो जंतू इतका बारीक की आमच्या साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसत नाही, डार्क फिल्ड लागतं, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर जंतू उजळून दाखवणारा मायक्रोस्कोप.

मग मलेरियाचं नाव याला चिकटलं कसं? स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश (आपल्या आयआयटी कानपूरचे) आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी हा बनवला. गरीब देशांतल्या रोगनिदानासाठी बनवायचा हाच मूळ विचार. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध आला, त्यात वेगवेगळ्या लेन्सा लावून २००० पटीच्या वर गेल्याचं आहे आणि सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्याही आत. पण ते निबंधातलं. आपल्या हातात येतो तो १४० वाला, आणि घरपोच होईपर्यंत काही शे रुपये होतात. जाहिरात वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. हत्तीरोगाचं काम केलेल्यांना आठवत असेल, रात्री लोक झोपायच्या वेळेला घरोघर जाऊन बोटाला टोचायचं, कारण मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीचं पिल्लू, रक्तात वर येतो तो रात्रीच. तो अडीचशे मायक्रॉनहून लांब असतो. तो शोधायला आम्हीही लॅबमध्ये शंभर पटच वापरायचो! हूकवर्मचं, म्हणजे पायातून शिरून आतड्यात रक्त पिणाऱ्या कृमीचं, अंडंही साठेक मायक्रॉनचं. लावणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्या बायकांचं रक्त कमी का, याचं एक उत्तर तिथे असतं. एवढ्या मोठ्या गोष्टींना १४० पट भरपूर झाली. तरी रिपोर्टवर सही करायची तर मी लॅबच्याच मायक्रोस्कोपवर परत बघेन.

वापरायला एक गंमत आहे. लॅबच्या मायक्रोस्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं, म्हणून आमचा हात आपोआप उलट सरकतो. इथे मण्याएवढी एकच लेन्स, चित्र सुलटं, त्यामुळे हात सारखा भलतीकडेच जातो. शाळेतल्या पोरांना ही अडचण नाही, ती भराभर शिकतात. चष्मा काढून डोळा अगदी चिकटवावा लागतो. माझ्या वयाला ते झेपत नाही, मी लोहचुंबकाने मोबाईल वर बसवते. आपली नेहमीची काचेची स्लाईडही यात चालते.

कागद साधा नाही, पाण्याने भिजून लगदा होत नाही. आपल्याकडे ही मोठी गोष्ट. पावसाळ्यात चांगल्या लेन्सांवर बुरशी धरते, बल्ब लावून कपाट गरम ठेवावं लागतं हे लॅबवाल्यांना सांगायला नको. आणि वीज? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर इकडच्या किती गावांत कितीतरी दिवस दिवा नव्हता. खिडकीशी उभं राहून बघता येणारं यंत्र त्या दिवसांत सोनं. अर्थात आरशाचा जुना मायक्रोस्कोपही तेच करायचा, पण तो खिशात मावत नाही.

मनू प्रकाश यांच्याच प्रयोगशाळेने २०१७ मध्ये कागदी सेंट्रिफ्यूज केलं, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्यातले भाग वेगळे करणारं यंत्र. बटण दोऱ्यात ओवून पोरं गरगर फिरवतात ना, तसंच. मिनिटाला सव्वा लाख फेरे, वजन दोन ग्रॅम. रक्तातला प्लाझ्मा दीड मिनिटात वेगळा! ते मिळालं तर मी आजच घेईन.

फोल्डस्कोप घ्यायचा तर लॅबसाठी नको, शाळेसाठी घ्या. हर्णैच्या एका शाळेत भाचीने नेला, डबक्यातली डासाची अळी बघायला. चार-पाच एकदम मागवा, एकावर सगळी पोरं तुटून पडतात.