डिस्नी स्कायलायनर: उंचीला घाबरणाऱ्या बाईने बसून पाहिलेला गोंडोला

आधीच सांगते, काचेच्या लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून डोळे मिटून उभी राहणारी जी एक बाई असते ना, ती मी. त्यामुळे नवऱ्याने फ्लोरिडाच्या ट्रिपसाठी पॉप सेंच्युरी हॉटेल बुक केलं आणि वर कौतुकाने सांगितलं की अगं तिथून थेट स्कायलायनर आहे, बसची कटकटच नाही, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बरोबर सहा वर्षांची लेक आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. म्हणजे मी घाबरले तरी घाबरल्याचं दाखवायची सोय नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्कायलायनर म्हणजे वॉल्ट डिस्नी वर्ल्डमधला रोपवे. २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाला. राइड नाहीये ही, येण्याजाण्याची सोय आहे आणि फुकट आहे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या दोन हॉटेलांचं मिळून तळ्यावर एक स्टेशन, तिथून कॅरिबियन बीच हॉटेलला जायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग एक लाइन हॉलिवूड स्टुडिओजला जाते, दुसरी रिव्हिएरा हॉटेलवरून एपकॉटला (ही दोन्ही डिस्नी वर्ल्डमधली पार्क). मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम या दुसऱ्या दोन पार्कांना हे जात नाही, तिथे बसच. हे आधी वाचून जा कारण आमच्यापुढे रांगेत एक कुटुंब मिकीचे कानबिन घालून मॅजिक किंगडमला जायला उभं होतं आणि त्यांना शेवटच्या क्षणी कळलं.

आता माझी भीती. जायच्या आधी रात्री जागून मी जे शोधायचं नाही तेच शोधलं. सुरू झाल्यावर आठवडाही झाला नव्हता, ५ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी एपकॉटच्या लाइनवर रिव्हिएरा स्टेशनात केबिन एकमेकींवर येऊन अडकल्या आणि अख्खी लाइन थांबली. लोक तीन तासांच्या वर हवेत. काहींना फायर ब्रिगेडने वरून खाली उतरवलं. त्यानंतर बंद ठेवून १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केला. हे वाचून मी फोन उलटा ठेवला, पण झोप गेली ती गेलीच. तीन तास! आणि त्यात लहान मूल, म्हातारं माणूस, आणि माझ्यासारखी मनातल्या मनात रामरक्षा म्हणणारी.

नवरा मेकॅनिकलवाला, त्याला अशा वेळी भलताच उत्साह येतो. नाश्त्याच्या टेबलावर टिश्यूपेपरवर चित्र काढून त्याने मला समजावलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा उपयोग झाला, म्हणून इथे लिहिते. केबिन दोराला कायमची बांधलेली नसते. दोर अखंड फिरत असतो, केबिनच्या डोक्यावर एक पक्कड असते ती दोराला घट्ट धरते, स्टेशनात आली की ती पक्कड उघडते आणि केबिन दोर सोडून रबरी चाकांवरून हळूहळू सरकते, आपण चढतो उतरतो, मग पुन्हा वेग घेऊन दोर पकडते. मला वाटायचं की ही पक्कड मधेच सुटली तर? तर ती स्प्रिंगने बंद राहते, उघडायला जोर लावावा लागतो, बंद राहायला नाही. म्हणजे बिघाड झाला तर 'सुटणं' नाही, 'थांबणं' होतं. २०१९ ला पण तेच झालं, कोणी खाली पडलं नाही, सगळं थांबलं. बनवणारी कंपनी डॉपेलमायर, ऑस्ट्रियाची, बोलिव्हियात ला पाझ शहरात लोक रोज ऑफिसला जातात ते रोपवेसुद्धा त्यांचेच. हे ऐकल्यावर मी म्हटलं ठीक आहे, तिथल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जात असतील तर मी पण जाईन. (भाजीचं मी मनाने घातलं, पण धीर आला हे खरं.)

पहिल्या दिवशी सकाळी स्टेशनवर गेलो तर केबिन थांबतच नाहीत! म्हणजे वळणावरून एकामागून एक सरकत येतात, दार उघडं असतं, आपण चालत चालत आत शिरायचं. वेग अगदी मुंगीचा आहे पण मनात एकदम धस्स होतं. माझी खरी काळजी सासूबाईंची होती, पाऊल टाकताना गुडघा अडखळला तर काय. मी तिथल्या मुलीला विचारलं तर तिने लगेच आम्हाला बाजूच्या रस्त्याने नेलं, तिथे केबिन मुख्य रांगेतून वेगळी काढून पूर्ण थांबवतात. मुळात व्हीलचेअर आणि चालता न येणाऱ्यांच्या बॅटरीच्या स्कूटरवाल्यांसाठी ती सोय आहे, बहुतेक स्टेशनांत आहे, पण आईंना चालता येत असूनही आम्हाला कोणी उलट प्रश्न केला नाही. ही गोष्ट मला फार आवडली. कुणाचे आईवडील बरोबर असतील तर लाजू नका, विचारा. स्ट्रोलर पण न मिटता तसाच आत ढकलता येतो, बसमध्ये झोपलेलं पोर काढून स्ट्रोलर मिटायची जी कसरत असते ती वाचते.

आत दोन समोरासमोर बाक, दहा माणसं मावतात असं म्हणतात, पण दहा म्हणजे मांडीला मांडी. गर्दी नसेल तर आपल्यालाच अख्खी केबिन मिळते. दार बंद होताना एक 'ठक्' आवाज येतो आणि मग पाच-सहा सेकंद काहीच नाही, फक्त सरकतोय, आणि मग एकदम मागून कोणीतरी ढकलल्यासारखा वेग येतो आणि जमीन खाली जाते. हाच तो क्षण. मी सीटच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि लेकीचं चाललं होतं आई बघ खाली बदक, आई बघ बदक. मी म्हटलं हो बघितलं. नव्हतं बघितलं.

पण सांगू का, उंची नाही त्रास देत. खरंच नाही. पहिला मिनिट गेला की लक्षात येतं की हे झोक्यासारखं हलत नाही, वेग साधारण ताशी ११ मैल, म्हणजे कोणी जरा जोरात सायकल मारावी तेवढाच, आणि आवाज जवळजवळ नाहीच. फक्त खांबावरून जाताना वरच्या चाकांवर खडखडखड होतं. पहिल्यांदा मी दचकले, दुसऱ्या खांबाला नवऱ्याकडे बघितलं, चौथ्या खांबापर्यंत मोजायला लागले. माझ्यासारख्यांना एक युक्ती, प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसा, म्हणजे पुढचा खांब येताना दिसत नाही. आणि काही केबिनवर बाहेरून कार्टूनची चित्रं चिकटवलेली असतात, जाहिरातीच्या बसच्या काचांवर जाळीदार स्टिकर असतात ना तसं, त्यात बसलं तर बाहेरचं सगळं ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. फोटो काढणारे वैतागतात, मला मात्र तेच सोयीचं वाटलं, खोली कळत नाही.

तर भीती कशाची असायला हवी? गरमीची. मी चुकीच्या गोष्टीला घाबरत होते हे मला पहिल्याच दुपारी कळलं.

स्कायलायनरला एसी नाही. काचांना झरोके आहेत, वारा आरपार जातो, आणि केबिन चालू असेपर्यंत तो वारा खरंच पुरतो, जूनमध्ये बाहेर ९०-९२ फॅरनहाइट असूनसुद्धा मला चालताना जेवढं उकडत होतं त्यापेक्षा आत बरं वाटलं. पण लाइन थांबली की वारा थांबला. अशी अधूनमधून अर्धा मिनिट, मिनिटभर थांबते, कोणाला चढायला जास्त वेळ लागतोय वगैरे, त्यात बिघाड काही नसतो. आमची पण एकदा थांबली, भर दुपारी, तळ्याच्या वर. मिनिट-दीड मिनिट असेल. पहिल्या दहा सेकंदात शांतता छान वाटली, मग मानेमागून घामाची एक धार निघालेली मला कळली, सासूबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली, समोरच्या बाईंच्या तान्ह्या बाळाने रडायला सूर लावला, आणि मी मनात तीन तासांचा गुणाकार केला. तेवढ्यात चालू झाली. काहीच झालं नाही, पण तो गुणाकार माझ्या डोक्यातून अजून गेला नाही. २०१९ ची ती घटना संध्याकाळची होती हे त्या लोकांचं नशीब असं मला तेव्हा वाटलं.

त्यामुळे माझा नियम असा झाला की पाण्याची भरलेली बाटली असल्याशिवाय केबिनमध्ये पाय ठेवायचा नाही, आणि एक छोटा हातपंखा. आणि हो, आधी बाथरूम. हे कोणी लिहित नाही म्हणून मी लिहिते. पॉप सेंच्युरीपासून कॅरिबियन बीच चार-पाच मिनिटं आहे, तिथे काही नाही, पण तिथून एपकॉट पंधरा मिनिटं धरा, आणि मधे उतरायची सोय एकच, रिव्हिएरा. तिथे दार उघडतं, हवेची झुळूक येते, आपण बसून राहायचं, पुन्हा दार बंद. त्याच्यापुढे आणखी एक ठिकाण येतं जिथे केबिन स्टेशनसारख्या एका जागेत शिरते आणि हळू होते, तेव्हा आमच्याबरोबरची मंडळी पिशव्या गोळा करून उठली, पण ते स्टेशन नाही, दोराची दिशा वळवायची जागा आहे, दार उघडत नाही. लहान मुलाने 'आई शू' म्हणायची वेळ नेमकी तिथे येते, अनुभव आहे.

दुसरी गोष्ट विजा. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी तीन-चारच्या सुमाराला ढग भरून येतात आणि धो धो कोसळतो, जवळपास वीज दिसली की स्कायलायनर बंद करतात आणि बस लावतात. यात तक्रार काही नाही, बंद करतात हेच बरं, विजेच्या कडकडाटात मला कोणी हिऱ्याच्या केबिनमध्ये बसवलं तरी मी बसणार नाही. पण तुमचं जेवणाचं रिझर्वेशन साडेचारचं आणि पार्क दुसरं असेल तर त्या दिवशी याच्या भरवशावर राहू नका. आम्ही पश्चिमेला काळं दिसलं की सरळ टॅक्सी बोलवायचो, नवरा म्हणायचा अगं अजून चालू आहे, मी म्हणायचे असू दे.

तिसरं, पार्क सुटायच्या वेळची रांग. फटाके संपले की अख्खं एपकॉट एकदम उठतं. रांग लांब दिसते आणि बघूनच धडकी भरते, पण केबिन सारख्या येत असल्यामुळे रांग थांबत नाही, चालत राहते, बसच्या रांगेसारखं एका जागी तिष्ठत उभं राहावं लागत नाही. सासूबाईंसाठी मात्र आम्ही फटाके संपायच्या पाच मिनिटं आधीच निघायचो, लेक रडायची, मग केबिनमधून उरलेले दोन-चार फटाके मागे वळून बघायची.

एपकॉटचं एक मात्र मानायला हवं. हा रोपवे पार्कच्या मुख्य दाराला जात नाही, मागच्या दाराला उतरवतो, पार्कमधल्या फ्रान्स आणि ब्रिटन या देशांच्या दालनांच्या मधे. सकाळी उतरलं की आयफेल टॉवरची प्रतिकृती समोर आणि सगळी गर्दी त्या टोकाला. उतरायच्या आधी वरून पार्कची मागची बाजूही दिसते, गोडाउनसारख्या शेड, पार्क केलेले ट्रक, कचऱ्याचे डबे, जे खालून कधी दिसू देत नाहीत. लेकीला एपकॉटचा तो गोल चंदेरी चेंडू, म्हणजे चेंडूसारखी मोठी इमारत, बघायची होती, मला ते ट्रक बघायला जास्त मजा आली.

नवऱ्याने एक माहिती पुरवली ती पण टाकते. मॅजिक किंगडममध्ये १९७१ ला पार्क उघडलं तेव्हापासून असाच एक पाळणा होता, स्कायवे नावाचा, उघड्या बादलीसारखा, तो १९९९ ला बंद झाला. उघडा! काचा नाहीत! तो मी जन्मात बसले नसते.

आता कोणी बसावं कोणी नाही. बंद जागेची भीती ज्यांना आहे त्यांनी उंचीवाल्यांपेक्षा जास्त विचार करावा, कारण दार बाहेरून बंद होतं आणि आपल्या हातात काही नसतं. अशांनी पॉप सेंच्युरी ते कॅरिबियन बीच हा छोटा टप्पा आधी करून बघावा, नाही झेपलं तर परत यायला फारसं काही जात नाही. गरोदर बायका, तान्ही बाळं, बीपीवाले, यांनी भर दुपार टाळावी, सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावर बिनधास्त. निव्वळ उंचीची भीती असेल तर जा, माझ्याने झालं म्हणजे कोणाच्यानेही होईल. फक्त या सोयीसाठी महागडं हॉटेल घ्यावं का? पॉप सेंच्युरी त्यातलं स्वस्तातलं आहे, म्हणून हो. रिव्हिएराचे दर बघून नवऱ्याने लॅपटॉपच बंद केला होता.

सासूबाईंचं मत वेगळं घेतलं. त्या पहिल्या दिवशी आत बसल्यावर म्हणाल्या, "हा पाळणाच की गं." दुसऱ्या दिवशीपासून त्यांना पार्कमध्ये इंटरेस्ट राहिला नाही. शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं लेकीला घेऊन एका राइडच्या रांगेत होतो, त्या म्हणाल्या मी बसते इथे बाकावर, तुम्ही या. पाऊण तासाने आलो तर बाक रिकामा. फोन लावला तर मागे तो खडखड आवाज. म्हणाल्या, "अगं मी कॅरिबियन बीचपर्यंत जाऊन येतेय, मधे रिव्हिएराला उतरावं लागत नाही ना, ही दुसरी खेप आहे, तुम्हाला वेळ असेल तर तिसरी करते."