तंबू कुठे ठोकायचा: एटोशा, सेरेंगेटी की ओकावांगो?

आफ्रिकेत जंगल बघायला जायचं आणि तेही तंबूत राहून, इथपर्यंत घरात एकमत झालं की प्रश्न येतो देशाचा. मग बहुतेक जण कुठे कोणते प्राणी दिसतात याची यादी करायला बसतात. त्या यादीचा फारसा उपयोग होत नाही. नामिबियातलं एटोशा, टांझानियातलं सेरेंगेटी आणि बोत्स्वानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, तिन्हीकडे सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे पोटभर दिसतात. एटोशात केप बफेलो नाहीत, त्यामुळे ‘बिग फाइव्ह’चा (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि हा रानरेडा) हट्ट असेल तर तिथे तो पुरा होणार नाही, एवढंच.

फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. ताडोब्यात संध्याकाळची फेरी संपली की जिप्सी गेटबाहेर येते आणि आपण रिसॉर्टवर जेवायला. या तिन्ही ठिकाणी रात्रभर मुक्काम जंगलाच्या आतच. ती रात्र किती जवळून हवी आहे आणि ती सांभाळायला कुणी सोबत हवं की आपलं आपण, हे एकदा ठरवा.

एटोशाची रात्र सगळ्यात सोपी आणि माझ्या मते पैशांच्या मानाने सगळ्यात भरघोस. ओकाउकुएयो, हलाली आणि नामुतोनी हे इथले जुने मोठे कॅम्प, तिन्ही कुंपणाच्या आत. सूर्यास्ताच्या आत गाडी कॅम्पमध्ये हवी, फाटक पुन्हा उघडतं ते सूर्योदयाला. पण अंधार पडल्यावर खरा खेळ सुरू होतो, कारण कॅम्पला लागूनच पाणवठा आहे आणि त्यावर रात्रभर दिवे असतात. जेवण उरकायचं, स्वेटर चढवायचा आणि बाकावर जाऊन बसायचं. एटोशाच्या मधोमध सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं खारट, कोरडं मैदान पसरलंय. पावसाळा सरला की आसपासचं पाणी आटत जातं आणि प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावंच लागतं. म्हणून ओकाउकुएयोला काळा गेंडा दिसण्याची शक्यता इतकी चांगली असते. त्याच्या मागे दौडावं लागत नाही, नुसता धीर धरावा लागतो. आजी-आजोबांनाही हे जमतं.

बाकी सोयी म्हणाल तर दुकान, पेट्रोल, पोहण्याचा तलाव, गरम पाणी, सगळं आहे. गाडी आपणच चालवायची. नामिबियात वाहतूक डावीकडूनच, त्यामुळे आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला की झालं. उद्यानात साधी कारही चालते. मात्र देशातले बरेच रस्ते खडीचे आहेत, टायर फुटतात, आणि संध्याकाळनंतर कुडू हरणं रस्त्यावर येतात, म्हणून अंधारात गाडी हाकू नये. कॅम्पमध्ये कोल्हे आणि हनी बॅजर उकिरडे धुंडाळत फिरतात, तेव्हा बूट आणि खाऊ बाहेर ठेवू नका. कुंपणामुळे थरार कमी होतो अशी तक्रार ऐकू येते. ती खरी आहे.

सेरेंगेटीत कुंपण नाही, पण बहुतेक सहलींत सोबत माणसं असतात: छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर, तिचा चालक-गाइड आणि आचारी. सेरोनेरा भागातल्या सार्वजनिक कॅम्पवर स्वयंपाकाच्या आणि जेवायच्या जागेला जाळी असते. प्राणी बाहेर मोकळे, आपण पिंजऱ्यात. तरस जवळून ओरडतं, सिंहाची डरकाळी ऐकू येते. हंगामात मात्र तंबू इतके दाटीने लागतात की शेजाऱ्याचं घोरणंच जास्त ऐकू यायचं. हे टाळायचं तर ‘स्पेशल कॅम्पसाइट’ घ्यावी लागते. ती एका गटापुरती असते, महाग असते आणि तिथे सोयी जवळपास नसतात.

खाण्याची चिंता इथे सगळ्यात कमी. चहा आणि चपाती पूर्व आफ्रिकेत रोजचीच आणि अरुशा या सफारी जिथून निघतात त्या शहरातल्या कंपन्यांना शाकाहारी भारतीय पाहुणे नवे नाहीत. चिंता पैशांची करा. उद्यानाची फी माणशी दर २४ तासांसाठी, कॅम्पची वेगळी. शिवाय अरुशाहून नेहमीचा रस्ता गोरोंगोरो या शेजारच्या संरक्षित क्षेत्रातून जातो, म्हणजे तिथलीही फी आली. गोरोंगोरोच्या विवरात उतरायला प्रत्येक वेळी गाडीमागे दोनशेहून जास्त डॉलर मोजावे लागतात. ही रक्कम गाडीची असल्यामुळे सहा जणांचा गट असेल तर हलकी होते, दोघांनाच जायचं तर चांगलीच चटका देते. विवराच्या कडेवरचा सिम्बा कॅम्प सुमारे २,३०० मीटरवर आहे, आफ्रिका म्हणून नुसता टी-शर्ट घेऊन गेलात तर रात्र कुडकुडत काढाल. आणखी एक, आपल्याकडे बॅग भरताना प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची खोड असते. टांझानियात जून २०१९ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, त्या घरीच ठेवा.

ओकावांगोच्या पूर्वेकडच्या मोरेमी अभयारण्यात ना कुंपण, ना जाळी, आणि गाडी स्वतः घेऊन गेलात तर मदतीला माणूसही नाही. छतावर तंबू असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह भाड्याने घ्यायची, खोल वाळूतून आणि कधी पाण्यातून काढायची, थर्ड ब्रिज किंवा झाकानाका या कॅम्पवर मुक्काम करायचा. हत्ती तंबूला वळसा घालून जातात. थर्ड ब्रिजचे बबून खाणं पळवण्यात आपल्याकडच्या माकडांनाही लाजवतील. तंबूत खाणं ठेवायचं नाही, संत्री-मोसंबी तर मुळीच नाही, हत्तींना त्यांचा वास लगेच लागतो. अंधार पडल्यावर चेन लावून आत. म्हणजे रात्री लघवीला शिडी उतरून जाणंही नको. पन्नाशी उलटलेल्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. इतकं सगळं सोसायची तयारी असेल तर असं जंगल दुसरीकडे मिळणं अवघड. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत येतो आणि इथे पाणी चढतं ते जून ते ऑगस्टमध्ये, आसपास सगळं वाळलेलं असताना.

आपल्या सुट्ट्यांचं गणित असं बसतं. दिवाळीत एटोशा आणि मोरेमी कडक तापलेले असतात, पण प्राणी पाण्याला चिकटलेले. नाताळ ते फेब्रुवारी सेरेंगेटीचे दिवस: वाइल्डबीस्टचे कळप दक्षिणेकडे, नदुतूच्या गवतावर असतात आणि फेब्रुवारीच्या आसपास पिल्लं जन्मतात. मे महिन्याची सुट्टी अडचणीची. टांझानियात मोठा पाऊस, एटोशात गवत उंच आणि प्राणी पांगलेले. त्यातल्या त्यात महिन्याच्या अखेरीस एटोशा बरं.

टांझानियासाठी पिवळ्या तापाची लस आणि परतताना भारतात तिचा दाखला लागतो का, हे आधी तपासा; घ्यायची असेल तर निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. बाकी दोन देशांसाठी ती लागत नाही, पण विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर नियम आधी वाचा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना तिन्हींसाठी विचारा.

मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर एटोशा, मला यात शंका नाही. गाडी चालवायची हौस नसलेला पाच-सहा जणांचा गट असेल आणि खिसा साथ देत असेल तर सेरेंगेटी. मोरेमी पहिल्याच खेपेला एकट्या गाडीने करू नका, माउन या जवळच्या गावाहून गाइडसह निघणारी फिरती कॅम्पिंग सफारी घ्या. स्वतःच जायचं ठरलं तर कॅम्पच्या तारखा हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका, जुलै ते ऑक्टोबरच्या जागा फार आधी भरतात.