बालवाडीच्या बैठका व्हिडिओ कॉलवर: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या संस्थेने सोमवारची आढावा बैठक झूमवर आणली. ऑफिस नाशिकला गंगापूर रोडवर, बालवाड्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत. दोन तासांच्या बैठकीसाठी सुरगाण्याच्या ताई पहाटेची एसटी धरायच्या, घरी पोचायला रात्र व्हायची. तो हेलपाटा थांबला, एवढ्यासाठीसुद्धा मी या सोयीच्या बाजूने आहे.

फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, म्हणून पैसे भरून एक खातं घेतलं. एकच पुरतं, बाकीच्यांना नुसती लिंक लागते.

चूक झाली ती खरेदीत. मोठा टीव्ही आणला, भारी कॅमेरा आणला, माइक मात्र लॅपटॉपचाच ठेवला. टेबलाच्या टोकाला बसलेल्याचं बोलणं पलीकडे विहिरीतून आल्यासारखं ऐकू जायचं. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. आमच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती. टेबलाच्या मधोमध स्पीकरफोन, म्हणजे माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं यंत्र, ठेवला, जाड पडदे लावले, सतरंज्या अंथरल्या, तेव्हा कुठे ‘काय म्हणालात?’ थांबलं. पैसे मोजकेच असतील तर आधी माइक घ्या.

पावसात तिकडे लाइट जाते, मागोमाग रेंजही. अशा दिवशी आम्ही सगळेच व्हिडिओ बंद करतो, नुसत्या आवाजाला डेटा फार थोडा लागतो. चित्रासकट बैठक झाली की ताईंचा दिवसाचा दीड जीबी तिथेच संपायचा आणि रिचार्ज त्यांच्या पैशाने. आता ते संस्था भरते. पहिल्याच महिन्यात भरायला हवं होतं.

बडबडगीतं शिकवताना वेगळीच अडचण. झूम टाळ्यांना गोंगाट समजून कापून टाकायचं, ताल हरवायचा. आवाजाच्या सेटिंगमध्ये गोंगाट दाबण्याचा पर्याय ‘लो’वर ठेवला आणि टाळ्या ऐकू आल्या.

पण सगळ्यात मोठी गोष्ट यंत्राची नव्हतीच. कॉल बंद झाल्यावर आम्ही ऑफिसातले चहा पीत बोलत बसायचो आणि ठरलेलं तिथेच बदलायचो. सुरगाण्याच्या एका ताईंनी फोन करून विचारलं, “ताई, मीटिंगमध्ये तर वेगळं ठरलं होतं ना?” मला फार लागलं ते. एसटीने येत होत्या तेव्हा त्या चहालाही असायच्या. आता बोलण्याची सुरुवात लांबच्या ताईंपासून होते, निर्णय सगळ्यांसमोर वाचून ग्रुपवर टाकतो आणि त्यात बदल करायचा तर पुढच्या सोमवारीच.

नव्या ताईंचं पहिलं प्रशिक्षण मात्र अजूनही सुरगाण्यालाच, समोरासमोर होतं. रडणाऱ्या पोराला मांडीवर कसं घ्यायचं, ते पडद्यावरून दाखवून पाहिलं. जमलं नाही.