पोराच्या फुटबॉलसाठी 27,500 रुपये भरले, त्याची गोष्ट

कोल्हापुरात पोरगं चालायला लागलं की बॉलला लाथ मारतंच. माझाही तसाच. अकरा वर्षांचा आहे. तालमीच्या, म्हणजे आमच्याकडच्या पेठेतल्या फुटबॉल संघाच्या पोरांबरोबर रोज संध्याकाळी गांधी मैदानावर खेळायचा, मोठी पोरं शिकवायची, एक रुपया लागत नव्हता.

गेल्या जूनमध्ये मैदानाच्या कडेला एक जण भेटला. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, बोलणं गोड. "वहिनी, तुमच्या पोराच्या डाव्या पायात जान आहे. इथं गर्दीत वाया चाललाय." आईला एवढं पुरतं. 2017 च्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून इथल्या घराघरात ते स्वप्न आहे. त्या ट्रॅकसूटवाल्यानं नेमकं तेच नाव घेतलं. अनिकेत पुण्याच्या सरकारी क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आला, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

वन टू वन कोचिंग, 24 सेशन, प्रत्येकी 700 रुपये. एकरकमी भरले तर 15,000. जागा दोनच शिल्लक, आजच ठरवा. माझे मिस्टर उद्यमनगरात लेथवर काम करतात, 15,000 म्हणजे आमच्यासाठी काय ते तुम्हाला कळेल. क्यूआर कोड भलत्याच बाईच्या नावाचा निघाला. विचारलं तर म्हणाला, बहिणीचं खातं आहे. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर अंगठा आला.

त्यानं लॅमिनेट केलेलं एक कार्ड दाखवलं होतं, "फिफा लायसन्स" लिहिलेलं. फोटोचा कोपरा सुटलेला होता. मी ते नीट हातात घेऊन बघायला हवं होतं. कोचचं असं लायसन्स फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, देत नाही. आपल्याकडे ते एआयएफएफ, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघ देतो. डी, सी, बी, ए आणि प्रो अशा पायऱ्या असतात आणि लायसन्स मिळालेल्या कोचची नोंद एआयएफएफकडे असते. हे सगळं मला नंतर समजलं.

पहिली तीन सेशन खरंच चांगली झाली. टर्फवर कोन, शिडी, वेगवेगळे ड्रिल. व्हिडिओला गाणं लावून मला पाठवायचा, मी सगळ्या नातेवाइकांना पाठवायची. चौथ्या वेळी वन टू वनची सात पोरं झाली. मग कधी पाऊस, कधी टर्फ मिळालं नाही, कधी "मी कॅम्पला आलोय". त्यानं पोराला तालमीत जायलाही बंदी केली होती, म्हणे सवयी बिघडतात. एका शनिवारी पोरगं शिनगार्ड बांधून, बाटली मांडीवर घेऊन टर्फच्या गेटवर पावणेदोन तास बसलं होतं. मी न्यायला गेले तेव्हा म्हणालं, "आई, सर येतील, थांबूया की." तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तरीही किटचे 2,500 भरले. मग स्पेनची गोष्ट निघाली. तिथल्या अकॅडमीत ट्रायल, आवडला तर ठेवूनच घेतील, 35,000 रुपये, आत्ता 10,000 द्या. तेही दिले.

गल्लीत एक काका आहेत. त्यांनी बरीच वर्षं तालमीकडून गोल राखलाय. त्यांनी पोराचा बॉल हातात घेतला, दाबून बघितला आणि म्हणाले, "हा पाच नंबरचा. ह्याच्या वयाला चार नंबर लागतो. ह्याच बॉलवर हेडिंग करून घेतो काय तो?" पोरगं हो म्हणालं. काकांचा चेहराच उतरला. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं 10 वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, बंद केलंय आणि त्यापुढच्या दोन-तीन वर्षांत सरावालाही मर्यादा घातली आहे. आणि हा माणूस पावसात जड झालेल्या बॉलवर ओळीनं वीस-वीस हेडर मारायला लावत होता. स्पेनचं ऐकल्यावर काका म्हणाले, 18 वर्षांखालच्या पोराला परदेशी क्लबकडे पाठवायला फिफाची मनाई आहे, आईवडील दुसऱ्याच कारणानं तिकडं राहायला गेले असतील अशा मोजक्या सवलती सोडल्या तर.

त्याच रात्री फोन केला. वाजला, कट झाला, मग बंदच. 24 पैकी 9 सेशन झाली होती.

पैसे जाऊन थोडेच दिवस झाले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आम्ही दोन महिने लाजेपोटी गप्प बसलो. "लोक काय म्हणतील" यात वेळ गेला आणि तेवढ्यात त्यानं शेजारच्या पेठेत आणखी पोरं गोळा केली, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही आम्ही तक्रार नोंदवली आहे.

पोरगं परत मैदानावर जायला लागलंय. पहिले चार दिवस कडेलाच उभं राहिलं, मोठ्या पोरांनी हाताला धरून आत नेलं.

पोलिसांत दिलेल्या अर्जावर आतापर्यंत चार पालकांच्या सह्या आहेत. बहिणीच्या नावाचा तोच क्यूआर कोड तुमच्याही मोबाइलमध्ये असेल, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि संध्याकाळी सहानंतर गांधी मैदानावर या. मी किंवा काका तिथं असतो.